खांबावरची बर्म्युडा

या हकिकतीत शेवटी माझा विजय होतो, हे आधीच सांगून ठेवतो. मधला भाग वाचताना तसं वाटणार नाही. आणि माझ्या बायकोच्या तोंडून ही हकिकत तुम्ही आधी ऐकली असेल, तर मुळीच वाटणार नाही. ती शेवट सांगतच नाही. हसण्यात विसरते.

मी भूगोलाचा मास्तर. ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट असे म्हणतात’ हे वाक्य गोंदियात अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. बेटाचे प्रकार शिकवले, बेटं नकाशात भरायला लावली, चुकलेल्यांचे कान पिरगाळले. स्वतः मात्र कुठल्याही बेटावर पाय ठेवला नव्हता. समुद्रही पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे धानाच्या बांध्यांतलं आणि तलावांतलं. त्यातलं कुठलंच खारट नाही.

बायकोचं माहेर दवनीवाड्याकडचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. “एकदा समुद्रावर न्या. पायाला लाट लागू द्या. मग काही मागणार नाही.” शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास नव्हता, पण पहिल्या दोन वाक्यांसाठी मी कोकणात जायचं रिझर्वेशन केलं. स्वतः केलं, मोबाईलवर, कोणाला न विचारता. त्या आनंदात बाजारात जाऊन एक बर्म्युडाही घेतली. लालभडक, तिच्यावर हिरवी नारळाची झाडं आणि पिवळे पोपट. एक नंबर लहान होती. दुकानदार म्हणाला, “सर, बीच पे एकदम हीरो दिखोगे.” अठ्ठावीस वर्षांत मला कोणी हीरो म्हटलं नव्हतं. मी भाव न करता घेतली.

ठरल्या दिवशी फुलचूरच्या आमच्या गल्लीने आम्हाला समारंभाने निरोप दिला. शेजारणींनी बायकोकडे शिंपले मागितले. आम्ही स्टेशनवर आलो, गाडीत चढलो, तर आमच्या जागेवर एक कुटुंब डबे उघडून बसलेलं. मी त्यांना नियम समजावून सांगितले. आधी मराठीत, मग हिंदीत, मग वर्गात बोलतो त्या आवाजात. अख्खा डबा गोळा झाला. शेवटी टीसी आला, त्याने माझ्या मोबाईलमधलं तिकीट पाहिलं आणि फार अदबीने म्हणाला, “सर, तारीख बराबर है. महीना अगला है.”

गाडी सुटायच्या आत आम्ही सामानासकट फलाटावर उतरलो. त्या कुटुंबातल्या आजोबांनी माझी बॅग खाली दिली आणि खिडकीतून हातही हलवला.

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी भरभर बोलतो. “पुढच्या महिन्यात जाऊ की. तिकीट तर हातात आहे!” ती म्हणाली, “पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. आज मी घरी येत नाही. शिंपले आणते म्हणून सांगून आले आहे गल्लीत. तासाभरात रिकाम्या हाताने काय परत जाऊ? मला कुठेही न्या.”

मी फलाटावरून शाळेतल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. त्याने आधी हसून घेतलं, मग पत्ता दिला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आमच्याकडच्या प्रतापगडच्या पलीकडे, एक मोठा जुना तलाव आहे. तलावात एक डोंगरी आहे, डोंगरीच्या पायथ्याशी वाळू आहे आणि वाळूवर एका ढीवर, म्हणजे मासेमार, नवरा-बायकोने मातीच्या तीन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. “वाळू, पाणी, बेट. अजून काय पाहिजे तुला?” तो म्हणाला. “फक्त मीठ तेवढं घरून ने.”

तर असे आम्ही दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्या तलावाच्या पाळीवर उतरलो. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. वर सडक, चहाची एक टपरी, खाली पाणी. पाण्याच्या काठावर नाव घेऊन मालक उभा होता. वाळलेला, उंच, बोलायला कमी. आम्ही त्याला भाऊ म्हणू लागलो आणि बेटावर राहणाऱ्या त्याच्या बायकोला वहिनी. ती दोघं मला गुरुजी म्हणू लागली. नावेत बसताना माझा एक पाय काठावर राहिला आणि एक नावेत, आणि नाव निघाली. त्याचं वर्णन करत नाही.

बेट मात्र खरंच बेट होतं. उतरल्या उतरल्या मी त्याला पूर्ण फेरी मारून चारही बाजू तपासल्या. पाणी चारही बाजूंनी होतं. इतक्या वर्षांनी माझं वाक्य बरोबर निघालं याचा मला इतका आनंद झाला, की मी तो वहिनींना जाऊन सांगितला. त्या चुलीत फुंकर घालत म्हणाल्या, “हो जी. पाण्यात आहे म्हणूनच तं नाव लागते.”

कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, शेणाने सारवलेली ओसरी, बाजा, त्यांच्यावर गोधड्या. खोलीला खिडकी एकच, पण तिच्यातून पाणीच पाणी. वाळू जाडसर होती, तिच्यात बोटाच्या नखाएवढे शिंपले होते. बायकोने आल्याबरोबर चपला काढल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. वाऱ्याने तलावाला बारीकशा लाटा होत्या. एक तिच्या पायावरून गेली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि स्टेशनपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. “चालते.”

मी लगेच फुगलो. फुगलो की मी लोकांना सल्ले देतो. वाळूच्या टोकाला, उथळ पाण्यात, एक लाकडी डोंगा बुडालेला होता. एका झाडाचं खोड कोरून केलेला, आत दगड, वर शेवाळ. मी वहिनींना म्हटलं, “हे भंगार काढून टाका इथून. टुरिस्टवर वाईट इम्प्रेशन पडतं.” वहिनी बायकोला म्हणाल्या, “बाई, गुरुजी घरीबी असेच सांगत राहतेत का?” बायको म्हणाली, “घरी मी ऐकत नाही.”

त्या संध्याकाळी ओसरीवर त्या दोघींची गट्टी जमली. मी सूर्यास्ताचे फोटो काढत होतो आणि मधून मधून ‘हो, हो’ म्हणत होतो. वहिनी जे बोलल्या ते सगळं बायकोने ऐकलं. मी एक शब्दही ऐकला नाही. पुढचं सगळं रामायण त्याच्यातून झालं, म्हणून इथे नीट सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आजवरचे सगळ्यांत जास्त पाहुणे येणार होते. नागपूरच्या एका भिशी मंडळाच्या बारा बायका, जेवायला आणि राहायला. दोन वर्षं झाली होती या खोल्यांना. कधी दोन माणसं, कधी एक, कधी महिनाभर कोणीच नाही. भाऊच्या थोरल्या भावाने नागपुरात त्याच्यासाठी वॉचमनची जागा पाहून ठेवली होती आणि तो या आठवड्यात हो की नाही विचारत होता. “ह्या बाया खुश होऊन गेल्या तं चार लोकांले सांगतीन,” वहिनी म्हणाल्या. “नाही गेल्या तं हे नागपूरले दुसऱ्याचं गेट उघडतीन, अना मी इथं एकटी कायले राहू? कुलूपच लावा लागन.”

दुसरी गोष्ट खांबाची. वाळूच्या टोकावर एक उंच बांबू रोवलेला होता. बेटावर मोबाईल लागत नाही. भाऊ पलीकडे पाळीखाली नाव घेऊन बसणार, वहिनी इकडे रांधणार. मग निरोप कसा द्यायचा? तर बांबूवर फडकं. पांढरं लावलं की जेवण होत आलं, पाहुणे आणा. लाल लावलं की कोणालाही आणू नका. लाल फार कमी लागायचं. बेटाच्या मागून वारा उठला तर पाळीवरून तो दिसत नाही, आणि भर पाण्यात नाव हेलकावते. एकदा आग्यामोहोळ उठलं होतं, तेव्हाही वहिनींनी लालच लावलं होतं. लाल दिसलं की भाऊ कोणाचंही ऐकत नसे. पाहुणा आमदार असो की तहसीलदार, त्याला परत पाठवायचा. पाण्यावर जगणाऱ्या माणसांचा तो कायदा होता, आणि तो दोघांनी आजवर एकदाही मोडला नव्हता.

आता सकाळ. मी ती बर्म्युडा घालून तलावात उतरलो. हीरो कोणी म्हणालं नाही, पण दोन बगळे उडाले. मनसोक्त डुंबलो, बाहेर आलो, कमरेला पंचा गुंडाळला, आणि ओली बर्म्युडा हातात घेऊन जागा शोधू लागलो. दोरीवर वहिनींच्या गोधड्या होत्या. झाडाखाली सावली. आणि समोर तो बांबू. उंच, उन्हात, वाऱ्यात. त्याला वर चढवायची दोरीसुद्धा बांधलेली. माझ्या मनात आलं, किती विचार करून केली आहे ही सोय! मी बर्म्युडा दोरीला बांधली आणि सरसर वर चढवली. ती टोकाला जाऊन वाऱ्याने फुगली, पोपट पंख पसरल्यासारखे दिसू लागले. मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं. शाळेत पंधरा ऑगस्टला पाहतो तसा.

मग मी सावलीत बाज टाकून पडलो. पलीकडे पाळीवर एक मिनीबस थांबलेली दिसली. तिच्यातून रंगीबेरंगी साड्या उतरल्या, उताराने खाली पाण्यापाशी आल्या, नावेजवळ जमल्या. मला बरं वाटलं. आल्या पाहुण्या. थोड्या वेळाने त्या साड्या पुन्हा उताराने वर चढू लागल्या. मला वाटलं, काही विसरल्या असतील.

तेवढ्यात वहिनी पांढरं फडकं घेऊन मागच्या चुलीकडून आल्या. बायको त्यांच्यामागे, हाताला पीठ. वहिनींनी वर पाहिलं. मग पाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“गुरुजी,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ते काय होय?”

“बर्म्युडा,” मी म्हणालो. आणि बायकोकडे पाहून कौतुकाने म्हणालो, “अर्ध्या तासात वाळेल बघ.”

बायकोने पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. कपाळावर पाच बोटं उमटली. मग तिने काल संध्याकाळी मी न ऐकलेलं सगळं मला चार वाक्यांत ऐकवलं. पाचवं वाक्य माझ्या बुद्धीबद्दल होतं.

वहिनींनी झटका देऊन बर्म्युडा उतरवली, माझ्या अंगावर फेकली आणि पांढरं वर चढवलं. पण पाळीखाली आता कोणी नव्हतं. भाऊ पाहुण्यांना बसपर्यंत पोचवायला वर गेला होता. इकडे पाठ करून, मान खाली घालून चढताना दिसत होता. मी परात घेऊन पळीने बडवली. बगळे पुन्हा उडाले. पाळीवर कोणी वळून पाहिलं नाही.

“संपलं,” मी म्हणालो. “नाव तर तिकडे आहे.”

“संपलं काऊन?” वहिनींनी पदर खोचला. “हा डोंगा नाही का?”

“तो? तो तर बुडलेला आहे!”

“बुडला नाही जी, बुडवून ठेवला आहे. लाकूड उन्हात राहिलं तं तडकते. पाण्यात राहिलं तं जन्मभर राहते. हात लावा, पाहत काय राहिले?”

आम्ही तिघं पाण्यात उतरलो. आतले दगड काढून फेकले. मग वहिनींनी डोंग्याचं एक टोक धरलं, मला दुसरं धरायला लावलं आणि तो लांबीच्या बाजूने मागे-पुढे झोकायला सुरुवात केली. प्रत्येक झोक्याला आतलं पाणी उसळून टोकावरून बाहेर. पाच-सात झोक्यांतलं बहुतेक पाणी माझ्या तोंडावर आलं, पण डोंगा वर आला. ज्याला मी काल भंगार म्हणालो होतो तो पाण्यावर हलका उभा राहिला आणि डोलू लागला.

वहिनी वल्हं घेऊन बसल्या. मी बायकोला म्हणालो, “जा तू. मी इथे चूल सांभाळतो.”

“चूल मी सांभाळते,” ती म्हणाली. “तुम्ही आजच्या दिवसात अजून कशाला हात लावू नका.”

वहिनीही म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही बसा. मी एकटी जाऊन काय सांगू? कोणी मानन का? कांड करणारा माणूस संग पाहिजे. अना पाणीबी उपसा लागते.”

मी बसलो. अंगात बनियन, कमरेला पंचा, गळ्यात ओली बर्म्युडा आणि हातात वरणाचा गंज, म्हणजे उभं पातेलं. मला पाणी उपसायला तोच मिळाला. डोंग्यात दोन माणसं बसली की त्याची कड पाण्यापासून चार बोटं वर राहते. वहिनी गुडघ्यावर बसून वल्हं मारत होत्या, मी बाहेर पाणी फेकत होतो. पहिले दोन गंज वाऱ्याच्या बाजूला फेकले, ते आमच्याच अंगावर परत आले. “त्या बाजूनं, गुरुजी! वारा इकडून येऊन राहिला!” वाऱ्यांचे प्रकार मी सातवीला शिकवतो.

पण मग माझ्या हाताला लय सापडली. उपस, फेक. उपस, फेक. डोंगा पाणी कापत असा सुटला, की मी जन्मात इतक्या वेगाने कुठेही गेलो नव्हतो. वहिनींची नजर पाळीवर होती आणि दात ओठावर. मी एकदाच वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याचं म्हणावं, तर वारा पाठीमागून होता. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. यांच्या दोन वर्षांवर मी माझी चड्डी वाळत घातली होती. मी दुप्पट जोराने उपसू लागलो.

काठ लागला तसा मी उडी मारली. पाळीचा उतार मी कसा चढलो ते मला माहीत नाही. शाळेच्या क्रीडा महोत्सवात मी फक्त शिट्टी वाजवतो. वर पोचलो तेव्हा मिनीबसचं इंजिन सुरू होतं, दार लागत होतं आणि भाऊ बाजूला हात जोडून उभा होता. मी पळत जाऊन बसच्या पुढे, सडकेच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “ओ काका! मरना है क्या?”

दार उघडलं. पहिल्यांदा एक मोठा काळा गॉगल बाहेर आला आणि त्याच्यामागे मंडळाच्या अध्यक्षीणबाई. “काय झालं? कोण होय तुम्ही?”

मी दम खात होतो. आणि इथे मी अजून एक चूक केली. मास्तर आहे ना, इज्जत आधी आठवते. मी म्हणालो, “मी इथला पाहुणा. वादळी वारा होता. आता पडला. आता चला.”

“म्हणजे वारा खरंच होता?” खिडकीतून एक आवाज आला. “पाहा, मी म्हटलं नव्हतं?”

“आणि परत येताना पुन्हा सुटला तं?” दुसरी म्हणाली. “माझ्या नातीचं बारसं आहे सोमवारी.”

“मॅडम, आगे एसी वाला रिसॉर्ट है,” ड्रायव्हर म्हणाला. “स्विमिंग पूल भी है.”

अध्यक्षीणबाईंनी पाय मागे घेतला. माझ्या खोट्याने बायकांची भीती होती त्याच्या दुप्पट झाली होती. मागे वहिनी धापा टाकत वर आल्या होत्या. नुसत्या उभ्या राहिल्या. भाऊ त्यांच्याकडे पाहत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं, पण त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि जोडलेले हात सोडले.

मग मी गळ्यातली बर्म्युडा काढली आणि दोन्ही हातांनी ताणून, वर्गात नकाशा धरतो तशी, बससमोर धरली.

“बाई, वादळी वारा नव्हता,” मी म्हणालो. “काहीच नव्हतं. हे होतं.”

आणि मी सगळं सांगितलं. पांढऱ्या-लाल फडक्याचा नियम, माझं न ऐकणं, बांबूची सोय, माझं कौतुकाने मागे सरून पाहणं, सगळं. बोलता बोलता पुढच्या महिन्याचं तिकीटही सांगून गेलो. त्याची गरज नव्हती, पण एकदा कबुली द्यायला लागलं की मला थांबता येत नाही.

मग गॉगल खाली आला. अध्यक्षीणबाईंनी पोपट निरखून पाहिले. “माय वं!” त्या म्हणाल्या, “म्हणजे अर्धा तास आम्ही तिथं उभं राहून ह्या चड्डीला घाबरून राहिलो होतो?”

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. पण मग बस हलू लागली. एक बाई सीटच्या दांड्याला धरून खाली बसल्या. नातीचं बारसं असलेल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “अवो, एक नंबर छोटी वाटते ही तुम्हाला.” ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि इंजिन बंद केलं. भाऊ, जो आदल्या दिवसापासून माझ्याशी दहा शब्द बोलला नव्हता, तो पाळीवरच उकिडवा बसून, पोट धरून हसत होता, आणि वहिनी त्याच्या पाठीत बुक्के मारत होत्या. “हसता काय? पाहा लागत नव्हतं का नीट? फडकं कोणतं अना चड्डी कोणती!”

“लाल होतं ना!” भाऊ म्हणाला. “लाल म्हणजे लाल. त्याच्यावर पोपट आहेत का कावळे, हे मले इथून दिसते का?”

अध्यक्षीणबाई हसायच्या थांबल्या. “एक मिनिट,” त्या भाऊला म्हणाल्या. “बारा जणींचं गिऱ्हाईक दारात उभं होतं. आणि तुम्ही नुसतं ते लाल पाहून आम्हाला परत पाठवलं? एकदा जाऊन पाहून यावं, असं नाही वाटलं?”

“तुमाले घेऊन?” भाऊ म्हणाला. “नाही जी. लाल दिसलं तं मी माणसं पाण्यात नेत नाही. मग कोणीबी असो.”

बाई बसकडे वळून म्हणाल्या, “उतरा गं सगळ्या. नाव चालवणारा असा पाहिजे.”

दोन फेऱ्यांत बारा जणी बेटावर आल्या. मला कोणीतरी नावेच्या पुढच्या टोकावर बसवलं. वाटेत दर पाच मिनिटांनी कोणीतरी नव्याने हसायचं आणि नाव डुलायची.

इकडे बायकोने जे केलं होतं त्याला तोड नाही. मरळ माशाचा रस्सा वहिनी उतरवूनच गेल्या होत्या. बाकी सगळं तिने एकटीने उभं केलं. नव्या धानाचा वाफाळता भात, तलावातले झिंगे चुलीवर कोरडे परतलेले, आणि लाखोरीच्या डाळीचे वडे, काठाला कुरकुरीत, मधे मऊ. वरण नव्हतं, कारण वरणाचा गंज माझ्याकडे होता. ते कोणाला जाणवलंही नाही. वाळूवर चटया टाकून, पळसाच्या पानांवर, पाण्याकडे तोंड करून बारा जणी जेवल्या. ‘घे गं अजून’ आणि ‘मी उठूच शकत नाही’ याशिवाय बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही. वड्यांची तिसरी फेरी झाली तेव्हा वहिनींनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाई, हे गुरुजी घेऊन जा, अना तुम्ही इथंच राहा.” बायको म्हणाली, “विचार करते.”

जेवणानंतर सगळ्या जणी साड्या वर धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. माझी बायको मधोमध होती. ती बारा अनोळखी बायकांना लाट कशी घ्यायची ते शिकवत होती. स्वतः लाट कालच पहिल्यांदा पाहिलेली. पण आवाज असा, जणू जन्म रत्नागिरीत गेला. मी ओसरीवरून पाहत होतो, आणि पंचवीस वर्षांत तिला इतकं मोठ्याने हसताना मी दोनदाच पाहिलं होतं.

दुपार कलली तेव्हा अध्यक्षीणबाई वहिनींजवळ येऊन बसल्या. त्या मुद्द्याच्या बाई होत्या. “आमच्या पाच भिश्या आहेत,” त्या म्हणाल्या. “त्याशिवाय माझ्या सोसायटीतले लोक, आणि बहिणीच्या शाळेतल्या मास्तरणी. जानेवारीचे सगळे शनिवार-रविवार आत्ताच माझ्या नावावर लिहा. फेब्रुवारीचं घरी जाऊन सांगते. आणि हे पाहा, पक्की खोली, एसी असलं काही बांधायला जाऊ नका. हे असंच राहू द्या.”

“आमचं तं असंच आहे जी,” वहिनी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा हात सारवलेल्या ओसरीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

त्या बारा जणी रात्री तिथेच राहणार होत्या. आमची खोली त्यांना लागणार होती, म्हणून भाऊने आम्हाला उतरत्या उन्हात पलीकडे सोडलं. बायकोच्या पदरात नखाएवढ्या शिंपल्यांची पुरचुंडी होती. पाळीवर चढल्याबरोबर भाऊच्या खिशातला फोन वाजला. नागपूरचा थोरला भाऊ होता, आठवड्याच्या मुदतीचं विचारायला. फोन जुना होता आणि पलीकडचा माणूस ओरडून बोलत होता, म्हणून आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“काय ठरलं बे तुझं? साहेब विचारून राहिला. उद्यापासून येतो का?”

“नाही येत,” भाऊ म्हणाला.

“काऊन?”

भाऊने पाण्यापलीकडे पाहिलं. ओसरीवर बायकांची लगबग दिसत होती, चुलीचा धूर सरळ वर चढत होता, आणि वाळूवर कोणीतरी कोणाच्या तरी मागे पळत होतं. तो कमी बोलणारा माणूस छाती भरून श्वास घेऊन, अख्ख्या पाळीला ऐकू जाईल असा ओरडला:

“काऊन म्हणजे? लोक येऊन राहिले ना माझ्या घरी!”